ऑफिसजवळ राहायची स्कीम घेतली, ११ महिने झाले, आता लिहितो

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी तीन. फेब्रुवारीच्या आधी विचारलं असतंत तर साडेचार दिले असते, मधले दीड कुठे गेले ते पुढे येईलच.

आमच्या कंपनीने (नाव लिहीत नाही, पगार अजून तिथूनच येतो) २०२४ च्या जूनमध्ये एक स्कीम काढली. ऑफिस पुण्यात, हिंजवडी आयटी पार्कच्या फेज थ्रीला. ऑफिसपासून ५ किलोमीटरच्या आत भाड्याने घर घेतलंत तर महिन्याला ६,००० रुपये भत्ता, शिवाय डिपॉझिटसाठी एक लाखापर्यंत बिनव्याजी अ‍ॅडव्हान्स, तो दहा पगारांतून कापणार. अट एवढीच की रजिस्टर्ड भाडेकरार दाखवायचा आणि आठवड्यातले चार दिवस ऑफिसला हजेरीचं कार्ड स्वाइप पाहिजे. एचआरच्या मॅडमनी स्लाइड दाखवली, त्यात अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचं उदाहरण होतं, तिथे १९९७ ला अशीच एक योजना निघाली होती, नोकरीच्या जवळ घर घेणाऱ्याला एक हजार डॉलर मालक देणार, एक हजार राज्य सरकार आणि एक हजार तिथली लोकल संस्था. मी मागच्या रांगेत बसून मनात म्हटलं की इथे लोकल संस्थेने रस्त्यावरचे खड्डे बुजवले तरी आम्ही हजार डॉलर मिळाले असं समजू.

आधी कुठून येत होतो ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. सिंहगड रोड, आनंदनगर. ७:४० ला गाडी काढायची, वडगावच्या पुलाखालून हायवेला लागायचं, वारजे, मग चांदणी चौक (जुना पूल ऑक्टोबर २०२२ ला रात्रीत उडवला तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून काउंटडाउन बघितलाय, ऑगस्ट २०२३ ला नवीन चौक चालू झाला आणि तेवढा तुकडा खरंच सुधारला, मग सगळं तुंबणं तिथून उचलून पुढे राधा चौकात नेऊन ठेवल्यासारखं झालं), मग बालेवाडी स्टेडियम, वाकड आणि तिथून खरी गंमत. भूमकर चौकातून जायचं का वाकड पुलाखालून शिवाजी चौकात, हा निर्णय रोज सर्व्हिस रोडवर येईपर्यंत होत नाही आणि जो घ्याल तो चुकतोच. सगळे मिळून २५ किलोमीटर. ९:१५, ९:२० ला सीटवर. संध्याकाळी ६:१५ ला निघालो की घरी सव्वाआठ, पाऊस असला तर नऊ. म्हणजे दिवसाचे साडेतीन तास क्लच दाबण्यात. डाव्या गुडघ्याला फिजिओ लावला होता, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हिंजवडी का? आयटीवाल्यांचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे एवढं आहे.

आणि मला याचा राग यायचं एक खास कारण आहे, ते म्हणजे मी याच्या उलटं बघितलंय. बाबा आकुर्डीच्या एका कारखान्यात होते आणि आम्ही राहायला निगडी प्राधिकरणात. आता प्राधिकरण म्हटलं की लोकांना मोठे बंगले, झाडं आणि स्वच्छ रस्ते आठवतात पण ते १९७२ ला काढलं होतं ते कामगाराला कारखान्याजवळ परवडेल अशी जागा मिळावी म्हणून, नाव पण लांबलचक, पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण, २०२१ ला ते पीएमआरडीएमध्ये (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात) विलीन झालं. बाबा पहिल्या पाळीला सायकलवर जायचे, १५ मिनिटं. तीनचा भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची आणि चहा गाळेपर्यंत खाली सायकलचं स्टँड लावल्याचा आवाज यायचा. अख्खी बिल्डिंग तशीच. (ते घर ताईच्या लग्नात विकलं, तो विषय वेगळा, त्यावर आमच्या घरात आजही बोलत नाहीत.) तर ऑफिसजवळ राहा हे कुणी मला पटवून द्यायची गरजच नव्हती, मी पहिल्या दिवशी फॉर्म भरला.

घर शोधणं. स्कीममध्ये एका एजन्सीशी टायअप होतं, ती बऱ्यापैकी निघाली, ब्रोकरेज अर्धाच महिना घेतला, करार ऑनलाइन रजिस्टर करून दिला, अंगठ्याला माणूस मशीन घेऊन घरी आला, पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद पण त्यांनीच केले. याला फुल मार्क. पण एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळली, ती म्हणजे स्कीमची बातमी आमच्याआधी घरमालकांना लागली होती. जो टूबीएचके मे महिन्यात २२ हजारांना जात होता त्याचे आता २७ सांगत होते आणि एका मालकाने तर तोंडावर विचारलं, कंपनी सहा देतेय ना सर, मग तुमच्या खिशातून काय जातंय? म्हणजे भत्ता माझ्या पगारात यायचा आणि पाच तारखेला मालकाच्या खात्यात जायचा, मी फक्त मधला पोस्टमन. त्यात भत्ता टॅक्सेबल, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सहाचे हातात बेचाळीसशे पण पूर्ण येत नाहीत. आनंदनगरला २१ भरत होतो, इथे २७ ला फायनल केलं. पेट्रोलचे सहा-साडेसहा हजार वाचणार होते म्हणून गणित बसलं.

दुसरी गंमत ५ किलोमीटरची. हे ५ किलोमीटर मोजतात कसे? तर नकाशावर ऑफिसच्या गेटला टाचणी मारून गोल काढतात. माझा फ्लॅट त्या गोलात एकदम आत, २ किलोमीटर आणि थोडं वर. ऑफिसच्या टेरेसवरून आमची बाल्कनी दिसते, मी बायकोला तिथून टॉवेल वाळत घातलेला दाखवलाय. पण मध्ये एक नाला आणि एका कंपाउंडची भिंत, त्यामुळे रस्त्याने साडेचार किलोमीटर. कावळा असतो तर चार मिनिटांत पोचलो असतो.

तरी सांगतो, पहिले सहा महिने म्हणजे स्वर्ग. ऑगस्ट ते जानेवारी. सकाळी साडेआठला उठायचो, अंघोळ, पोहे, स्कूटर काढली की १५ मिनिटांत ऑफिस. दुपारी घरी जेवायला आलोय दोनदा, नुसतं येऊन बघायला की येता येतं का. संध्याकाळी साडेसहाला घरात उजेड असताना पोचल्यावर काय करायचं हेच सुचायचं नाही, पहिल्या आठवड्यात मी चारही दिवस झोपलो. मग तबला परत चालू केला, आठ वर्षांनी, बोटं लाकडासारखी झालेली. फिजिओ बंद. पेट्रोल महिन्याला सातशे-आठशे. ज्या लोकांना वाटतं की या सगळ्याचा हिशोब भाड्याच्या फरकात करायचा त्यांनी एकदा हा तबला पण धरा हिशोबात.

चालत मात्र जात नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो, कारण स्कीमच्या मेलमध्ये हिरव्या झाडाखाली बॅग लावून चालणारा माणूस दाखवलाय. मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्या किलोमीटरला फुटपाथ आहे आणि त्यावर पाणीपुरी, मोमो आणि मोबाइल कव्हरवाले. पुढे फुटपाथ संपतो आणि एकदम मातीचा उतार, बाजूने सिमेंटचे मिक्सर अंगाला वारा घालून जातात. रात्री त्याच उतारावर कुत्र्यांची मीटिंग असते. चालत ५० मिनिटं आणि स्कूटरने १५, तर कोण चालेल? म्हणजे हायवेवरची एक कार कमी झाली हे खरं पण फेज थ्रीच्या आतल्या रस्त्यावर एक स्कूटर वाढली. ५ किलोमीटरच्या आतले सगळेच असं करतात त्यामुळे आता सकाळी सव्वानऊला आमच्या सोसायटीच्या गेटबाहेरच जाम असतो, तो पूर्वी नव्हता असं वॉचमन सांगतो.

रस्ता कोणाचा हे विचारू नका. आतले रस्ते एमआयडीसीचे, गावातले ग्रामपंचायतीचे, हिंजवडी, माण, मारुंजी सगळ्या वेगवेगळ्या ग्रामपंचायती, वर नियोजन पीएमआरडीएचं आणि वाकडला लागलं की पिंपरी-चिंचवड महापालिका. या जूनमध्ये, २०२५ च्या, पहिल्याच मोठ्या पावसात आयटी पार्कात रस्त्याची नदी झाली ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील, त्या दिवशी मी स्कूटर ढकलत घरी आलो, साडेचार किलोमीटरला दीड तास. गुडघ्याएवढ्या पाण्यात ढकलताना एकच विचार, की आनंदनगरला असतो तर आज वर्क फ्रॉम होम टाकलं असतं, जवळ राहतो म्हणून मॅनेजरने बोलावलं. हा पण एक तोटा लिहून ठेवा, जवळ राहणाऱ्याला कारण देता येत नाही. रविवारी सर्व्हर पडला की पहिला फोन मला.

आणि पाणी. नळाला तासभर, बाकी टँकर. मेंटेनन्समध्ये धरलंय म्हणून मला वेगळं द्यावं लागत नाही पण एप्रिल-मे मध्ये सकाळी सहाला टँकरचा रिव्हर्स हॉर्न हाच अलार्म.

आता फेब्रुवारी. बायकोचं ऑफिस मगरपट्ट्याला, पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला. हे मी इतका वेळ लिहिलं नाही कारण फॉर्म भरताना पण मी हे लिहिलं नव्हतं, फॉर्ममध्ये तो कॉलमच नाही. स्कीम एका माणसाला धरून बनवलीय, घर मात्र दोघांचं. आनंदनगर आम्ही घेतलं होतं तेच मुळात मधलं म्हणून, तिला १२ किलोमीटर, मला २५, माझं जास्त कारण मला पगार जास्त असं काहीतरी ठरलं होतं तेव्हा. इथे आल्यावर तिला एका बाजूने ३१ झाले. तेव्हा तिला आठवड्यात दोनच दिवस ऑफिस होतं म्हणून ती म्हणाली, चालेल रे, दोन दिवस काय, गाडी मी घेते, तू स्कूटर घे.

फेब्रुवारीत तिच्या कंपनीने दोनाचे चार दिवस केले.

एका रविवारी तिने कागद घेतला आणि हिशोब मांडला, तो कागद अजून फ्रिजवर आहे. आनंदनगरला असताना आठवड्याचे माझे चार दिवसांचे २०० किलोमीटर, तिचे दोन दिवसांचे ४८, एकूण २४८. इथे आल्यावर माझे ३६, तिचे १२४, एकूण १६०. इथपर्यंत स्कीम पास. आता तिचे चार दिवस झाल्यावर माझे तेच ३६ आणि तिचे एकटीचे, बघा गंमत, बरोबर २४८. आकडा जुळलेला बघून आम्ही दोघं हसलो, म्हणजे मी हसलो, तिने पेन खाली ठेवलं. कंपनीच्या रेकॉर्डला मी आजही यशस्वी केस आहे, इंटर्नल पोर्टलवर माझा फोटो आहे, वर्षाला किती किलो कार्बन वाचवला ते खाली लिहिलंय. गाडी तीच आहे, रस्त्यावरच आहे, फक्त तिच्यात मी नसतो. (आनंदनगरलाच राहिलो असतो तरी तिचे दोनाचे चार झालेच असते, २९६ झाले असते, हे मी तिला सांगून बघितलं. सांगायला नको होतं.)

तिच्या ऑफिसची कॅब आहे पण तिची हद्द वाकडला संपते. आणि सगळ्यात मोठा जोक म्हणजे मगरपट्टा. वॉक टू वर्क हे शब्द पुण्यात लोकांच्या तोंडी बसले ते मगरपट्टा सिटीमुळे. तिथल्या साधारण १२० शेतकरी कुटुंबांनी जमिनी बिल्डरला विकून मोकळं व्हायच्या ऐवजी एकत्र केल्या, सुमारे ४०० एकर, सतीश मगर पुढे होते, २००० च्या आसपास काम चालू झालं आणि एकाच आवारात आयटीच्या बिल्डिंगा, घरं, शाळा, बाग, हॉस्पिटल. आतले रस्ते चालण्यासारखे आहेत, मी स्वतः चाललोय, झाडाखालून. पण तिच्या टीममधल्या अकरा जणांपैकी तिथे राहतो एक. बाकीचे वाघोली, उंड्री, पिंपळे सौदागर आणि आमची ही माणहून. आणि तिथे राहणाऱ्यांपैकी तिला माहीत असलेली दोन जोडपी अशी की त्यातला एकेक जण रोज हिंजवडीला येतो. रोज सकाळी पुण्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला आणि त्या टोकाचा या टोकाला, मध्ये कुठेतरी औंधच्या सिग्नलला दोघं शेजारी उभे असणार, काच खाली करून घरं बदलून घ्या म्हणावं वाटतं.

म्हणून माझं मत असं झालंय की भत्ता गोलाला देऊन उपयोग नाही, भत्ता घराला द्या. नवरा-बायको दोघांचे ऑफिस पत्ते घ्या, आधीचे किलोमीटर आणि नंतरचे किलोमीटर, दोघांचे मिळून, जे कमी होतील त्यावर पैसे. मधे बाणेरला घर घेतलं असतं तर दोघांचं मिळून अंतर कमी झालं असतं पण बाणेर गोलाच्या बाहेर, एक रुपया मिळाला नसता. मी हे एचआरला मेल केलं, उत्तर आलं, थँक यू फॉर युवर व्हॅल्युएबल फीडबॅक.

अजून एक, हे नवीन लोकांनी नक्की वाचा. जानेवारीत आमच्या मजल्यावरचे काही जण कमी केले, त्यातला एक माझ्याच सोसायटीत, स्कीममधूनच आलेला. भत्ता त्या महिन्यापासून बंद, डिपॉझिटचा उरलेला अ‍ॅडव्हान्स फुल अँड फायनलमधून (नोकरी सुटतानाच्या शेवटच्या हिशोबातून) एकदम कापला आणि करारात सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर घर सोडता येत नाही. नोकरी गेली त्याच महिन्यात त्याला २८ हजार भाडं अंगावर. बाबांच्या वेळी नोकरीसाठी घर मिळालं तरी घर आपल्या नावावर होतं, इथे दोन्हीची दोरी एकाच हातात. अ‍ॅडव्हान्स घेऊ नका, जमत असेल तर स्वतःचे पैसे टाका, भत्ता फक्त घ्या. आणि लॉक-इन तीन महिन्यांवर आणा, मालक कुरकुरतो पण ऐकतो.

आणि स्कीम फक्त पेरोलवरच्यांना. आमच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले काका आळंदीवरून येतात, बारा तासांची ड्युटी आणि जाऊन-येऊन तीन तास, दोन बस बदलून. कँटीनची पोरं सहाला हजर पाहिजेत म्हणून एका खोलीत आठ जण राहतात मारुंजीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांनी ऑफिसजवळ राहायची स्कीम स्वतःच काढलीय, भत्त्याशिवाय. मी टाउन हॉलला (कंपनीच्या सगळ्यांच्या मीटिंगला) विचारलं की कंत्राटी लोकांचं काय, तर म्हणे तो व्हेंडरचा विषय आहे. रेटिंगमधला अर्धा मार्क तिथेच गेला.

घ्यावी का? एकटे असाल, फेज थ्रीलाच असाल तर डोळे झाकून घ्या, दिवसाचे तीन तास परत मिळतात, एवढं दुसरं कुठलंच इन्क्रिमेंट देत नाही. दोघं एकाच बाजूला कामाला असाल तरी घ्या. दोघं दोन टोकांना असाल तर आधी फ्रिजवरचा कागद करा, मग फॉर्म. शाळेत जाणारं मूल असेल तर मला विचारू नका, आमच्या शेजाऱ्यांचं स्कूलबसचं वेगळंच रामायण चालू आहे. मेट्रोच्या भरवशावर घर घेऊ नका, माण ते शिवाजीनगर, २३ किलोमीटर, २३ स्टेशनं, भूमिपूजन डिसेंबर २०१८ ला झालं, २०२५ च्या जुलैत डेपोतून ट्रायलची गाडी निघाली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर लोकांनी फटाक्यांचे स्टिकर टाकले, पण मी आता जुलैअखेरीला हे लिहितोय तोवर तिकीट काढून कोणी बसलेलं नाही. ती चालू झाली तरी शिवाजीनगरहून मगरपट्ट्याला बायकोला वेगळं जावं लागणारच, तरी निम्मं सुटेल.

अकरा महिने भरले, मालकाने दहा टक्के वाढवून मागितलेत. मी म्हटलं सोडू, बाणेरला बघू, भत्ता गेला तर गेला. तिने अजून हो-नाही केलेलं नाही, कारण बाणेरचं भाडं पण बघितलंय आम्ही.

तोपर्यंत स्वयंपाक माझ्याकडे आहे, जो आधी पोचतो त्याने करायचा असा आमच्यात नियम आहे आणि गेले पाच महिने आधी मीच पोचतो. ती मगरपट्ट्याहून निघाली की मुंढवा, खडकी, औंध अशी एकेक ठिकाणाहून स्पीकरवर सांगत येते. आधी ती जगताप डेअरी म्हणाली की मी कुकर लावायचो, भात थंड व्हायचा. मग वाकडला लावायला लागलो, तरी थंड. आता फेज टूचं सर्कल ओलांडलं म्हणाली की लावतो, आणि परवा त्यातसुद्धा चार शिट्ट्या होऊन गॅस बंद करून वाफ जिरली तरी गाडी खाली आलेली नव्हती.